फौजी गेला, स्मरण झाले. त्याच्या पत्नीचे काय?

कोपरीत परवा एका निवृत्त हवालदाराच्या पहिल्या स्मृतिदिनाला आम्ही गेलो होतो. बाबा महार रेजिमेंटचे. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण-पंचशील झाले आणि भाषणे सुरू झाली. भीमा कोरेगाव झाले, १९४१ झाले, बाबांची सीमेवरची नोकरी झाली. आई मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी बसून होत्या. आमच्यातल्या एका ताईने आग्रह केला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "ते सुट्टीवर यायचे तेव्हा धाकटा त्यांना काका म्हणायचा. पोरं मीच वाढवली."

सभा क्षणभर गप्प झाली आणि पुढचा वक्ता उठला. आमचा आक्षेप इथेच आहे.

इतिहासाचा अभिमान आम्हालाही आहे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची फौजभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर फौजीने अर्ज लिहून दाद मागितली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. हे सांगितलेच पाहिजे. पण वर्षाला दोन महिने सुट्टी मिळणाऱ्या फौजीचे घर उरलेले दहा महिने कोण चालवत होते? तिचे नाव कोणत्या भाषणात येते?

निघताना आईंनी काळ्या पेटीतले कागद दाखवले. फौजेच्या नोंदीत त्यांचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे. बाबांनी हयातीत ते दुरुस्त करून घेतले नाही आणि दरवर्षी त्यांचा सत्कार करणाऱ्या आम्हीही कधी विचारले नाही. आता कुटुंब पेन्शन अडकली आहे. वर थोरला मुलगा त्यात वाटा मागतो आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, ही घरगुती बाब आहे, चळवळीपुढे मोठे प्रश्न आहेत. बाबासाहेबांनी असे मानले असते, तर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना हिंदू कोड बिल रखडल्याचे कारण त्यांनी सांगितलेच नसते. विधवेच्या वाट्याला आलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची, हे १९५६ च्या वारसा कायद्याने मान्य केले. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. पेन्शनचे तर त्याहून स्पष्ट आहे. कुटुंब पेन्शन ही मयताची मालमत्ता नाही, ती मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. म्हणजे सर्वसाधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असलेली ही रक्कम आईंची आहे. थोरल्याचा त्यात वाटा नाही. हे त्याला समजावण्याचे काम कुणाचे? आपलेच.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, आपल्या विहाराच्या परिसरातल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी जा. पेन्शनच्या आदेशावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आहे का, ती आधारशी जुळते का, एवढे बघा. चूक असेल तर ते हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. अर्ज जमत नसेल तर त्यांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि स्मृतिदिनाला पहिले भाषण तिचे ठेवा.

आईंच्या कागदांची फाइल आम्ही हाती घेतली आहे. पुढच्या वर्षी त्या दाराशी बसणार नाहीत, हे मात्र त्या घरातल्या माणसांनी आणि आपण मिळून ठरवायचे आहे.

जय भीम!