विश्लेषण : जुने पिकअप ट्रक ‘खाली बसवण्या’वर कॅलिफोर्नियात साडेसहा दशके बंदी का होती?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून रस्त्यावरची एक जुनी बंदी इतिहासजमा झाली. गाडीची मूळ उंची कमी करून ती जमिनीलगत चालवणे, हा तिथे १९५८ पासून गुन्हा होता. जुन्या मोटारींप्रमाणेच जुने पिकअप ट्रकही या नियमात येत. वरवर तांत्रिक वाटणारा हा नियम रद्द करण्यासाठी एवढी वर्षे का लागली, आणि गाडीच्या चार-सहा इंच उंचीवरून समाज विरुद्ध पोलीस असा वाद का पेटला, हे समजून घेण्यासारखे आहे.

नेमकी बंदी कशावर होती?

कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २४००८ प्रवासी मोटारींना आणि ६,००० पौंडांपेक्षा (सुमारे २,७०० किलो) कमी वजनाच्या व्यावसायिक वाहनांना लागू होते. तिथे पिकअप ट्रकची गणना व्यावसायिक वाहनांत होते. चाके सोडून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येईल, असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, असे हे कलम सांगत होते. टायर फुटून गाडी रिमवर आली, तरी तिचे पोट रस्त्याला घासू नये, असा या नियमामागचा तर्क मांडला जातो.

तर्क चुकीचा नव्हता. मात्र रिमच्या कडेची आणि गाडीच्या तळाची तुलना रस्त्यावर उभ्या पोलिसाच्या नजरेने होणार होती. त्यामुळे कोणाला थांबवायचे आणि कोणाला जाऊ द्यायचे, हे बरेचसे त्याच्या मर्जीवर राहिले.

या बंदीचा समाजाशी संबंध काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात आणि शेजारच्या राज्यांत मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी तरुणांनी जुन्या गाड्या घेऊन सजवायला सुरुवात केली. नवी गाडी परवडत नव्हती, पण हातात कसब होते. त्याच काळात इतर तरुणांमध्ये इंजिन ताकदवान करून सुसाट पळवण्याची हौस होती. या तरुणांनी उलटी वाट धरली. गाडी जितकी खाली आणि जितकी सावकाश, तितका रुबाब मोठा. डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंग कापून गाडी खाली आणली जाई. अशा गाड्यांना ‘लोरायडर’ हे नाव पडले. १९३० ते १९५० च्या दशकांतील गोलाकार मोटारी आणि पिकअपना या वर्तुळात आजही ‘बॉम्ब’ म्हणतात.

१९५८ च्या कायद्यात कोणत्याही समाजाचे नाव नव्हते. तरीही ज्यांच्या गाड्या खाली बसवलेल्या होत्या, तो समाज ठळकपणे डोळ्यांसमोर होता. कायद्याला उत्तरही लगेच मिळाले. सॅन बर्नार्डिनो येथील रॉन अगिर्रे यांनी १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांचे जुने हायड्रॉलिक भाग बसवले. त्यामुळे बटण दाबताच गाडी कायदेशीर उंचीवर येई आणि पोलीस पुढे गेले की पुन्हा खाली बसे. आज लोरायडर गाड्या उड्या मारताना दिसतात, त्या तंत्राची सुरुवात अशी कायद्याला बगल देण्यातून झाली.

‘क्रूझिंग’बंदी कुठून आली?

शनिवार-रविवारी संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून सजवलेल्या गाड्यांचा ताफा संथपणे फिरवायचा, याला ‘क्रूझिंग’ म्हणतात. लॉस एंजलिसच्या पूर्व भागातील व्हिटियर बुलेव्हार्ड आणि सॅन डिएगोलगतच्या नॅशनल सिटीमधील हायलँड अॅव्हेन्यू ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. वाहतूक कोंडी आणि हाणामाऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर १९८० च्या दशकात राज्याने शहरांना क्रूझिंगवर निर्बंध घालण्याचे अधिकार दिले. कोंडीच्या भागात ठरावीक वेळेत एकाच ठिकाणावरून पुन्हा पुन्हा जाणे, अशी त्याची व्याख्या होती. नॅशनल सिटीने १९९२ मध्ये अशी बंदी लागू केली.

या व्याख्येतच अडचण होती. रस्ता सार्वजनिक, वाहन परवानाधारक, वेग मर्यादेच्या आत. तरी तिसऱ्यांदा तिथूनच गेल्यावर दंड. आपल्याला वागणुकीवरून नव्हे, तर गाडीच्या आणि आपल्या चेहऱ्यामोहऱ्यावरून थांबवले जाते, ही लोरायडर मंडळांची जुनी तक्रार होती.

बदल कसा घडला?

२०२२ मध्ये सॅक्रामेंटो आणि सॅन होजे या शहरांनी आपापली क्रूझिंगबंदी मागे घेतली. त्याच वर्षी राज्य विधिमंडळाने ठराव करून इतर शहरांनाही तसे आवाहन केले. २०२३ मध्ये नॅशनल सिटीनेही बंदी उठवली. त्यानंतर सॅन डिएगो भागातील आमदार डेव्हिड अल्वारेझ यांनी मांडलेले ‘एबी ४३६’ हे विधेयक मंजूर झाले आणि गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यावर सही केली. त्यातून दोन गोष्टी झाल्या. क्रूझिंगवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार गेला आणि गाडी खाली बसवण्यावरची बंदीही रद्द झाली.

शर्यती लावणे, चौक अडवून गाड्या गरगर फिरवणे किंवा बेदरकार वाहन चालवणे हे गुन्हे मात्र कायम आहेत. म्हणजे पोलिसांच्या हातून कायदा गेलेला नाही, केवळ गाडी खाली आहे म्हणून थांबवण्याचे कारण गेले आहे.

पिकअप खाली बसवतात म्हणजे काय करतात?

या हौसेत सर्वाधिक मागणी असलेल्या जुन्या पिकअपमध्ये शेव्हरोलेची ‘सी-१०’ येते. १९६७ ते १९७२ या वर्षांतील तिच्या बहुतेक गाड्यांना मागच्या बाजूलाही कमानीच्या पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग होत्या. त्यामुळे आखूड स्प्रिंग घालून उंची कमी करणे तुलनेने सोपे जाते. पुढे १९७३ पासून मागे पाटे आले. त्या गाड्यांत अॅक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवतात. पुढच्या बाजूला स्प्रिंग न कापता वेगळ्या घडणीचे स्पिंडल बसवले की गाडी साधारण अडीच इंच खाली येते आणि चाकांची हालचालही बरीचशी मूळची राहते.

रिकामा पिकअप मागून उंच दिसतो, कारण त्याच्या स्प्रिंग हौद्यातल्या ओझ्याचा हिशेब धरून केलेल्या असतात. म्हणून पुढे चार इंच आणि मागे सहा इंच, असे प्रमाण बरेचदा ठेवले जाते. मागे एवढे खाली आणले की अॅक्सल चॅसिसवर आदळू लागतो. मग अॅक्सलच्या वर चॅसिसला इंग्रजी ‘सी’ आकाराची खाच पाडून तिथे जाड पट्टी वेल्डिंगने जोडतात. हवेच्या फुग्यांवरचे सस्पेन्शन बसवले, तर उंची बटणाने कमी-जास्त करता येते.

यात धोका किती?

धोका उंचीपेक्षा कामाच्या दर्जात असतो. खाचेचे वेल्डिंग कच्चे राहिले, तर चॅसिस तिथेच कमकुवत होते. टॉर्चने तापवून बसवलेली स्प्रिंग आपला ताण गमावते. खाली आलेल्या गाडीत चाकांचा कोन बदलून टायर एका बाजूने झिजतात, ब्रेकच्या नळ्या घासू शकतात आणि हेडलाइटचा झोत सरकतो. शिवाय स्प्रिंगला दबायला जागा उरत नसल्याने हौद्यात पूर्वीइतका माल भरता येत नाही. ट्रक ट्रकसारखा दिसतो, पण ओझे वाहण्याचे मूळ काम बरेचसे गमावतो.

दुसरीकडे, उंच गाड्यांचा प्रश्न मोठा होत आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, बॉनेटची उंची ४० इंचांपेक्षा जास्त असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. कॅलिफोर्नियात चॅसिस किती उंच असावी याची मर्यादा आजही आहे. मात्र ती गाडी उंचावण्यापुरती. कारखान्यातूनच उंच बॉनेट घेऊन आलेल्या नव्या पिकअपला ती अडवत नाही.

भारतात असे करता येते का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. त्यासाठी चॅसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे भारतात जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ रूपात आहे, तर लोरायडर मंडळींसाठी ती मालकाने त्यात ओतलेल्या कामात.

पुढे काय?

कॅलिफोर्नियातील वाद संपलेला नाही. तिथे १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना नियमित धूर तपासणीतून सूट आहे, १९७६ पासूनच्या गाड्यांना नाही. ही सूट ३५ वर्षांहून जुन्या गाड्यांना देणारे विधेयक प्रसिद्ध सूत्रसंचालक जे लेनो यांच्या पाठिंब्याने २०२५ मध्ये आले होते. ते विधानसभेच्या समितीतच अडले. त्यामुळे १९७५ चा सी-१० आणि १९७६ चा सी-१० आज सारख्याच उंचीवर उभे राहू शकतात, पण धूर तपासणीच्या रांगेत दुसऱ्यालाच जावे लागते. हवेचा प्रश्न सगळ्यांचा असल्याने या नियमामागचे कारण मोजून दाखवता येते. १९५८ च्या नियमामागचे कारणही मोजता येत होते. पण ते मोजायचे कोणाच्या गाडीखाली, हे ठरवणारा माणूस रस्त्यावर उभा होता.