उपवास तुमचा, पण गोळी रोजचीच?

एका आषाढी एकादशीच्या संध्याकाळी साठी ओलांडलेल्या एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला. "डॉक्टर, आई सकाळी चांगली होती. आता काहीतरीच बोलतेय. अर्धांगवायू तर नाही ना?" बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली, तर ती ४२ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात आजी नीट बोलू लागल्या. दिवसभर पोटात काही नव्हतं, पण सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेमाने घेतली होती. ती गोळी मीच लिहून दिली होती. "उपवास करता का?" हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळीला कळत नाही. पोट रिकामं असेल तर साखर खाली जाते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. आणखी खाली गेल्यास माणूस बरळतो, बेशुद्धही पडतो. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर धोका वाढतो. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणीही बाहेर टाकतात. त्यामुळे निर्जळी उपवासात शरीर कोरडं पडू शकतं आणि क्वचित रक्तात घातक आम्ल साठतं.

आता उपवासाची दुसरी बाजू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं आणि चोथा नावापुरताच. त्याची खिचडी, वर बटाटा, मग वेफर्स आणि गोड रताळ्याच्या फोडी! सकाळी खाली गेलेली साखर रात्री तीनशेच्या घरात जाऊ शकते. आठवड्याला एक-दोन उपवास, शिवाय श्रावण आणि नवरात्र, असा हिशोब मांडून पाहा. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांचं नुकसान होतं.

"उपवास सोडा" असं मी सांगत नाही. श्रद्धा तुमची आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की मधुमेह्याचा उपवास हा औषधोपचाराचाच भाग समजायला हवा. त्यासाठी एवढं करा :

• उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. कोणती गोळी कमी करायची, कोणती टाळायची, हे तेच ठरवतील. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.
• निर्जळी उपवास नको. ताक, दूध, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी असं थोडं थोडं घ्या. भगरही बेतानेच.
• ग्लुकोमीटर असेल तर दिवसातून दोन-तीनदा साखर तपासा. बोट टोचल्याने उपवास मोडत नाही.
• साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात आणा.
• टाइप १ मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर उपवासाचा विचारच नको.

त्या दिवसापासून मी प्रत्येक मधुमेह्याला विचारतो, "आठवड्यातून उपवास किती?" तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.