सुपरची बॅग जाते कुठे?



दोन वर्षांपूर्वी भात काढून त्याच खाचरात भुईमूग केला. झाडं खुजी राहिली, पानं गर्द हिरवी, शेंगा नावाला. सुपर फॉस्फेट तर फेकलं होतं. दुकानदार म्हणाला, पुढच्या वेळी आणखी एक बॅग टाका. टाकली. फरक शून्य. आता माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या लाल मातीत नुसती बॅग वाढवणं म्हणजे पैसे पुरणं.

कारण दगडात आहे. आपला जांभा आणि घाटावरची काळी माती, दोघांची आई एकच, काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात लोह असतं, पण इतर खनिजांत अडकलेलं. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आंबट होतं. हजारो-लाखो वर्षं ते मुरलं, की चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी वाळूची सिलिका वाहून जाते. लोह मात्र हवा लागली की गंजतं आणि गंज पाण्यात विरघळत नाही, म्हणून जागेवरच राहतं. चिऱ्यावरचा पिवळा-तपकिरी डाग म्हणजे गोएथाइट, लाल म्हणजे हेमटाइट. घाटावर पाऊस कमी, म्हणून तिथे चुना टिकला.

हाच गंज आपलं स्फुरद धरून ठेवतो. आम्ल मातीत पकड आणखी घट्ट. सुपर फेकून दिलं, की दाणा न् दाणा गंजाला चिकटतो.

मग भात कसं येतं? खाचरात पाणी साठलं की मातीतली हवा संपते, गंज थोडा विरघळतो आणि धरलेलं स्फुरद सुटतं. बांधाच्या कडेला पाण्यावर तेलासारखा तवंग येतो ना? काडीने हलवा. तुकडे होऊन फुटला तर ते तेल नव्हे, लोह. भात निघालं, जमीन सुकली, की गंज परत तयार आणि स्फुरद परत कैदेत.

काही जण म्हणतात, साठलेलं कधीतरी मिळेलच. मिळेल, पण भुईमूग चार महिन्यांचा पाहुणा, तो थांबत नाही.

गेल्या हंगामात अर्ध्या खाचरात सुपर कुजलेल्या शेणखतात मिसळून बियांच्या ओळीशेजारी दिलं, बियाला न लागेल असं. मातीशी संपर्क कमी आणि कुजलेलं खत गंजाच्या जागा आधीच अडवतं. त्या अर्ध्यात शेंगा चांगल्या धरल्या. एका खाचराचा अनुभव आहे, छातीठोक सांगत नाही, पण बॅग एकच लागली.

आणखी एक, राग येईल काहींना. राबाला पालापाचोळा जाळतो तेव्हा राखेतून पालाश मिळतो खरा, पण गंजाला आवरणारा कुजका माल धुरात जातो. जेवढा वाचेल तेवढा खड्ड्यात कुजवा.

आणि माती तपासताना सामू बघा. माती आम्ल असेल तर स्फुरद ब्रे पद्धतीने मोजलंय का, हे जरूर विचारा. ओल्सेन पद्धत चुनखडीच्या मातीसाठी निघाली.

तुमच्याकडे भातानंतरच्या पिकाचं काय होतं? खाली लिहा.