गूढ कसले? सरकारला सारे ठाऊक होते!

फ्लोरिडातील एका बंद पडलेल्या सुधारशाळेच्या आवारात विद्यापीठाचे विद्यार्थी जमीन खणत आहेत आणि कुठेच नोंद नसलेल्या थडग्यांतून मुलांची हाडे वर येत आहेत. कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द निकेल बॉईज’ ही कादंबरी अशी सुरू होते. ती २०१९ साली आली, २०२० चे पुलित्झर तिला मिळाले, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. तेव्हापासून जो तो शंभर वर्षे गाडून ठेवलेल्या रहस्याविषयी बोलतो आहे. हे बोलणे धादांत खोटे आहे, आणि ज्यांनी ती मुले मारली त्यांच्या सोयीचे आहे. रहस्य असते तर कोणाला ठाऊक नव्हते म्हणून हात झटकता आले असते. इथे ते झटकता येत नाहीत. फ्लोरिडाच्या सरकारला सारे ठाऊक होते.

व्हाइटहेड यांनी ज्या शाळेवरून कादंबरी रचली ती मारियाना गावची. १ जानेवारी १९०० रोजी ती सुरू झाली. पुढे आर्थर डोझियर या अधीक्षकाचे नाव तिला दिले गेले. तिथे खुनी, दरोडेखोरच जात असत असे कोणी समजू नये. शाळा बुडवली, विडी-सिगारेट ओढताना सापडला, घरातून पळाला, एवढ्यावर पोरे तिथे धाडली जात. कुणी तर केवळ अनाथ होता. गोऱ्या मुलांचा विभाग वेगळा, काळ्यांचा वेगळा, १९६८ पर्यंत. आणि तिथे सुधारणेच्या नावाखाली मुलांकडून विटा पाडून घेतल्या, छापखाना चालवून घेतला.

आता सरकारला काय ठाऊक होते ते मोजा. शाळा उघडून जेमतेम तीन वर्षे झाली तोच, १९०३ साली, पाहणी करणाऱ्यांना मुले लोखंडी बेड्यांत जखडलेली आढळली. पहिल्या तेरा वर्षांत सहा चौकश्या झाल्या. १९१४ साली वसतिगृहाला आग लागली; कुलूपबंद दारांआड मुले जळून मेली. १९५८ साली तिथे काम केलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने थेट अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जाऊन मारहाणीचे वर्णन केले. सिनेटपुढे! याहून मोठ्याने ओरडायचे तरी कसे? तरी मारहाण आणखी दहा वर्षे चालली. १९६८ साली खुद्द गव्हर्नर क्लॉड कर्क यांनी शाळा पाहिली आणि तिथली दैना बोलून दाखवली. शारीरिक शिक्षेवर तेव्हा कुठे बंदी आली. शाळा मात्र चालूच राहिली. १९८३ साली मुलांचे हातपाय पाठीमागे एकत्र बांधून त्यांना टाकून ठेवतात म्हणून न्यायालयात दावा लागला. शाळा तरीही चालूच. तिला कुलूप लागले ते जून २०११ मध्ये, म्हणजे एकशे अकरा वर्षांनी.

त्या आवारात एक ठेंगणी पांढरी इमारत आहे. मुले तिला ‘व्हाइट हाउस’ म्हणत. रात्री पोरांना उठवून तिथे नेत. खाटेवर पालथे पाडत, तोंड उशीत खुपसायला लावत आणि चामड्याच्या जाड पट्ट्याने फोडून काढत. किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून मोठा पंखा चालू करत. रांगेतली पुढची पोरे आपली पाळी येईपर्यंत फटके मोजत. पंखा चालू करणाऱ्या हाताला आपण काय करतो आहोत हे पुरते कळत होते. लपवायचे काय हे ज्याला कळते, त्याला आपण शिस्त लावत होतो असे सांगण्याचा अधिकार नाही.

तिथून वाचलेली माणसे साठी उलटल्यावर, २००८ साली, नावानिशी बोलू लागली. राज्याच्या पोलीस खात्याने चौकशी केली आणि २०१० साली हात वर केले: मारहाण झाली असे किंवा झाली नाही असे दाखवणारा भौतिक पुरावा नाही! इतक्या वृद्धांच्या साक्षी पुरावा नव्हेत. मुदत उलटली म्हणून दिवाणी दावाही फेटाळला गेला. मुदत कोणामुळे उलटली? ज्यांनी या मुलांना तोंड उघडू दिले नाही त्यांच्याचमुळे. व्हाइट हाउसमधल्या मारहाणीसाठी एकाही कर्मचाऱ्याला तुरुंग पाहावा लागला नाही.

त्याच पोलीस खात्याने शाळेच्या दफनभूमीवर एकतीस क्रूस मोजले आणि समाधान मानले. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या एरिन किमरले यांनी खणायची परवानगी मागितली तेव्हा २०१३ साली एका न्यायाधीशाने आदेश नाकारला, मग राज्याच्या एका कार्यालयाने परवाना नाकारला. गव्हर्नरच्या मंत्रिमंडळाने ऑगस्टमध्ये होकार दिल्यावर पंचावन्न थडगी निघाली. बरीचशी क्रुसांच्या बाहेर, झाडीत, रस्त्याखाली. पुरलेल्यांत काळी मुले गोऱ्यांच्या तिप्पट. एक चौदा वर्षांचा मुलगा १९४० साली शाळेत गेला आणि बेपत्ता झाला. आईने पत्र लिहिले तर कळले, तो कुठे आहे ते ठाऊक नाही. पुढे कळवले, एका घराखाली मेलेला सापडला. घरचे पोचेपर्यंत त्याला पुरूनही झाले होते. त्याची ओळख डीएनएने पटली ती २०१४ साली. तो गेला तेव्हा बारा वर्षांची असलेली त्याची बहीण ऐंशी ओलांडून गेली होती.

व्हाइटहेड यांच्या कादंबरीचे मोठेपण आम्हांला शेवटच्या कलाटणीत दिसत नाही. ते नायक एल्वूडच्या वहीत आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांची तबकडी ऐकत वाढलेला हा हुशार मुलगा कॉलेजला निघालेला असताना चोरीच्या गाडीत लिफ्ट घेतो, एवढाच त्याचा गुन्हा. शाळेचे धान्य बाहेर कसे विकले जाते ते तो टिपून ठेवतो, कारण सरकारला कळले की सरकार थांबवेल अशी त्याची श्रद्धा. ती टिपणे निरीक्षकांच्या हाती पडतात, आणि फटके व अंधारकोठडी एल्वूडच्या वाट्याला येते. मारियानाचा सारा इतिहास या एका प्रसंगात आहे. ‘द रिफॉर्मेटरी’ लिहिणाऱ्या तानानारिव्ह ड्यू यांच्या आईच्या मामा-काकांपैकी एक जण लहानपणीच, १९३७ साली, याच शाळेत मेला. त्यांनी त्याच्यासाठी २०२३ साली भुताखेतांची कादंबरी लिहिली. जे काम सरकारी वकिलाचे, ते कादंबरीकारांना करावे लागते, ही त्या राज्याची नाचक्की आहे. आपल्याकडेही वांड पोराला ‘रिमांड होममध्ये टाकीन’ असा दम भरतात. दम भरणाऱ्याला आत काय चालते ते पाहावेसे वाटत नाही.

फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २०१७ साली माफी मागितली. २०२४ साली मारियाना आणि ओकीचोबी इथल्या दोन सुधारशाळांच्या पीडितांसाठी दोन कोटी डॉलर काढले. पण कोणासाठी? १९४० ते १९७५ या काळात तिथे असलेल्यांसाठी! १९८३ साली ज्यांना गाठोड्यासारखे बांधले, ते या कायद्याला दिसत नाहीत. एकशे अकरा वर्षांतली पस्तीस वर्षे निवडून बाकीच्यांवर काट मारण्याचा अधिकार या विधिमंडळाला कोणी दिला? ही कालमर्यादा ताबडतोब पुसा, २०११ पर्यंतच्या प्रत्येकाला दावा करू द्या, आणि चौकश्यांचे अहवाल हाती असताना ज्यांनी शाळा चालू ठेवली त्या गव्हर्नरांची, आमदारांची, अधीक्षकांची नावे त्या पांढऱ्या इमारतीच्या भिंतीवर कोरा.