"माझ्या मशीनवर तर चालतंय!"

मंडळी, आपल्या धंद्यातलं सर्वात महागडं वाक्य हेच.

बारामती-इंदापूरकडच्या पतसंस्था, कॉलेजं, दुकानं यांच्या साइट करणारे आपल्यातलेच बरेच जण पुण्यात बसून विंडोजवर झॅम्प चालवतात. सर्व्हर मात्र लिनक्सचा! विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. मग लाइव्ह गेल्यावर फोटो गायब. उबुंटूवर अपाचेची कॉन्फिग एका फोल्डरात, रेड हॅटवर दुसऱ्याच. त्यात २०१२ मध्ये अपाचे २.४ आलं आणि 'ऑर्डर-अलाउ-डिनाय'च्या जागी 'रिक्वायर' आलं. जुनी फाइल जशीच्या तशी टाकली, तर कधी सर्व्हर उठतच नाही, कधी नुसता ४०३.

पण खरा गुन्हेगार अपाचे नव्हे. रात्री अकराला थेट लाइव्ह सर्व्हरवर लॉगिन करून चार ओळी बदलणारे आणि कुणाला न सांगता झोपणारे आपण! सहा महिन्यांनी सर्व्हर बदलला की त्या ओळी गेल्या.

नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापुरात जातो. प्रत्येक चारीसाठी कुणी नवा कालवा खणत नाही, फक्त दार किती उघडायचं ते बदलतं. आणि वर कुणी दारात परस्पर हात घातला की टेलचा शेतकरी कोरडा. कॉन्फिगचंही तसंच हवं. मुख्य फाइल सगळीकडे एकच. डोमेन, पोर्ट, पाथ, सर्टिफिकेट एवढंच एका छोट्या वेगळ्या फाइलीत. २.४ मध्ये त्यासाठी 'डिफाइन' आणि 'इन्क्लूड' आहेतच. सगळं गिटमध्ये, पासवर्ड सोडून. आणि कॉन्फिगटेस्ट पास झाल्याशिवाय रीलोड नाही.

"छोट्या गिऱ्हाइकाला एवढा थाट कशाला?" अहो, छोट्यालाच जास्त गरज! मोठ्या कंपनीत रात्री उठवायला माणूस असतो. इथे तुम्ही नोकरी बदलली की विषय संपला. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी इंदापूरच्या सेवा केंद्रात रांगेत उभ्या पोराला ४०३ दिसतो, आणि फी भरायचं राहतं ते त्याचं, तुमचं नाही.

तेव्हा या शनिवारी एवढंच करून बघा. कोरा सर्व्हर घ्या. फक्त गिटमधल्या फाइली आणि पासवर्ड वापरून तासाभरात साइट उभी राहते का? नसेल, तर ती साइट तुमच्या ताब्यात नाही. नशिबावर चाललीय.