सोसायटीची वही कोणाची?



झोपडपट्टीतून पुनर्वसनाच्या इमारतीत राहायला गेलेल्या कुटुंबांची एक तक्रार सारखी कानावर येते. मेंटेनन्स वाढला, पण लिफ्ट निम्मा महिना बंद. पाण्याचा पंप बिघडला की वेगळी वर्गणी. आणि विचारायला गेले की सेक्रेटरी म्हणतात, "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही?" या एका वाक्यापुढे आपला माणूस गप्प होतो. एकाच जिन्यावरून जायचे-यायचे असते, लग्नाला आणि मयताला एकमेकांच्या दारात उभे राहायचे असते. मग हिशेबाचा विषय तिथेच थांबतो.

खरे तर हा विश्वासाचा प्रश्नच नाही. आपल्या बायका भिशी चालवतात, बचत गट चालवतात. दर महिन्याला वही सर्वांसमोर उघडते, कोणी किती भरले हे मोठ्याने वाचले जाते. त्यात कोणाचा अपमान होत नाही. सोसायटी ही त्याच जातीची गोष्ट आहे, फक्त मोठी आणि सरकारदरबारी नोंदलेली. तिची वही सेक्रेटरीच्या पलंगाखालच्या बॅगेत असली, तरी ती सभासदांची आहे.

हे माझे मत नव्हे, कायदा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० सालचा. त्याच्या कलम ३२ ने सभासदाला संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला. पुढे २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी याच कायद्यात '१३-ब' हे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यातही सभासदाचा हा हक्क आहे. संस्थेच्या कार्यालयात, कामाच्या वेळेत जाऊन पाहायला पैसे लागत नाहीत. नक्कल हवी असेल तर लेखी मागावी आणि ठरलेली फी भरावी.

काय काय पाहता येते? संस्थेचे पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, कार्यकारी मंडळाची यादी, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि कमिटीच्या बैठकांचे इतिवृत्त म्हणजे मिनिट बुक, आणि तुमच्या स्वतःच्या खात्याच्या नोंदी. शेजाऱ्याच्या खात्याचा उतारा किंवा प्रत्येक खर्चाचे व्हाउचर या कलमाने हक्काने मागता येत नाही. कमिटीवाले त्यावरच बोट ठेवून सगळीच वही बंद करतात, म्हणून जे हक्काचे आहे तेवढेच आधी नेमके मागावे. व्हाउचरचा प्रश्न वार्षिक सभेत विचारावा.

आता वही हातात आली तर त्यात बघायचे काय? इथे बरेच जण घाबरतात. सातवी-आठवी शिकलेल्या माणसालाही जमेल असे हे काम आहे. समजा इमारतीत ८४ खोल्या आहेत आणि मेंटेनन्स महिना ५०० रुपये. म्हणजे महिन्याला ४२,००० आणि वर्षाला ५ लाख ४ हजार जमायला हवेत. पत्रकात जमा ४ लाख १० हजारच दिसते. मग ९४ हजार कुठे? लगेच चोरी म्हणू नका. थकबाकी असू शकते, मग थकबाकीदारांचा आकडा ताळेबंदात बघा. तो जुळला तर सेक्रेटरी निर्दोष आहेत आणि वसुलीसाठी त्यांना आपली मदत हवी आहे. जुळला नाही तर प्रश्न कागदावर आला. नुसत्या संशयापेक्षा असा कागदावरचा प्रश्न फार वजनदार असतो.

दुसरी गोष्ट कॉर्पसची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत प्रत्येक खोलीमागे ठरावीक रक्कम देखभालीसाठी विकासकाने प्राधिकरणाकडे भरायची असते. जुन्या नियमात ती खोलीमागे २०,००० रुपये होती, पुढे वाढली. जुन्या दराने ८४ खोल्यांचे १६ लाख ८० हजार होतात. एवढ्या रकमेचे व्याज लिफ्टच्या आणि पंपाच्या वीजबिलाला मोठा हातभार लावू शकते. ही रक्कम भरली गेली का, आज कोणाकडे आहे, कुठल्या बँकेत ठेव आहे, व्याज संस्थेच्या जमेत दिसते का, हे विचारायलाच हवे. कित्येक इमारतींत हा शब्दसुद्धा लोकांना ठाऊक नसतो, आणि ज्यांना ठाऊक असतो ते बोलत नाहीत.

मिनिट बुक चाळताना पाने सलग आहेत का, मध्ये कोरी जागा सोडली आहे का, मेंटेनन्स वाढवण्याचा ठराव कोणत्या तारखेच्या सभेत झाला आणि खाली सह्या कोणाच्या, हे पाहा. 'सभेत ठरले' असे सांगितले जाते आणि त्या तारखेला सभाच झालेली नसते, असेही घडते. बिलात थकबाकीवर व्याज लावले असेल तर आदर्श पोटनियमांप्रमाणे ते वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि तेही सरळव्याज. खोली भाड्याने दिली म्हणून जो ना-वहिवाट आकार घेतात, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सिंकिंग फंड वेगळा ठेवला आहे की रोजच्या खर्चात संपला, हेही ताळेबंदात कळते. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या चुका दुरुस्त करून तसा अहवाल देण्याचे बंधन कमिटीवर आहे. तो अहवाल दिला का, हे जरूर विचारा.

आता भगिनींसाठी. हा हक्क सभासदाचा आहे, म्हणून शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे ते आजच काढून बघा. पुनर्वसनाच्या इमारतीत मिळालेली खोली पती-पत्नी दोघांच्या संयुक्त मालकीची, आणि शेअर सर्टिफिकेटवर तशीच नोंद व्हावी, असा योजनेचा नियम आहे. कित्येक ठिकाणी एकट्या पुरुषाचे नाव चढवून ठेवलेले असते. सभासद नोंदवही पाहायला गेलात तर आपले नाव त्यात आहे का, हे पहिल्यांदा तपासा. नसेल तर लेखी अर्ज देऊन ते चढवून घ्या. नवरा कामावर, सभा रविवारी सकाळी, आणि बाईला 'तुम्ही सभासद नाही' म्हणून दारातून परत पाठवायचे, हा प्रकार मग चालणार नाही.

मागणी मात्र तोंडी करू नका. कागदावर चार ओळी पुरतात: "मी खोली क्रमांक अमुकचा सभासद आहे. कायद्याने मला असलेल्या हक्कानुसार शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते, सभासद नोंदवही आणि माझ्या खात्याच्या नोंदी पाहावयाच्या आहेत. कृपया दिवस व वेळ लेखी कळवावी." दोन प्रती करा, एकीवर सही-शिक्का-तारीख घ्या. सही देत नसतील तर टपालाने पोचपावतीसह पाठवा. तुमची थकबाकी असेल तर आधी भरून टाका, म्हणजे त्यांच्या हाती निमित्त राहणार नाही. आणि शक्यतो दोघे-तिघे मिळून अर्ज करा. एकट्याला भांडखोर ठरवणे सोपे असते.

एक सबुरीची गोष्टही सांगतो. आपल्या इमारतींतले बहुतेक सेक्रेटरी बिनपगारी आहेत. दिवसभर ड्यूटी करून रात्री पंपवाल्याच्या मागे धावणारा माणूस चोर असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला हिशेब लिहिताच येत नसतो. इमारतीत कोणाचा मुलगा-मुलगी कॉमर्सला असेल तर त्याला वही लिहायला बसवा.

तरीही दाद लागली नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करावी. पुनर्वसनाच्या संस्थांसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणातच सहकार खात्याचे निबंधक असतात. एकपंचमांश सभासदांनी मिळून अर्ज केला तर कलम ८३ खाली चौकशी मागता येते. ८४ जणांच्या संस्थेत म्हणजे १७ सह्या. एवढ्या तर एका मजल्या-दोन मजल्यांवर मिळतील.

अनेक जण माहितीच्या अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीला देतात आणि तो फेटाळला की हिरमुसतात. थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की, सरकारची भरीव मालकी, नियंत्रण किंवा अर्थसाहाय्य नसलेली सहकारी संस्था या कायद्याखाली 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही. पण निबंधकाचे कार्यालय आहे. तुमच्या संस्थेने तिथे दाखल केलेले लेखापरीक्षण अहवाल आणि निवडणुकीचे कागद त्या कार्यालयाकडे अर्ज करून मागता येतात. सोसायटीने दार लावले तरी ही खिडकी उघडी असते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नोटिशीबरोबर हिशेबाची पत्रके आली तर ती रद्दीत टाकू नका. जेवणे झाल्यावर घरातल्या शाळकरी मुलांना मोठ्याने वाचायला सांगा, आणि वर सांगितलेली बेरीज त्यांच्याकडूनच करून घ्या. सभासदाच्या मृत्यूनंतर खोली कोणाच्या नावावर होते आणि नामनिर्देशनाचा अर्ज कसा भरावा, हे पुढच्या अंकात पाहू.