काळ्या रानाचा प्रिंट

परांडा तालुक्यातल्या सोनारीला लोक जातात ते काळभैरवनाथाच्या दर्शनाला. आम्ही या अंकात तिकडे वळलो ते तिथल्या रानासाठी. उन्हाळ्यात नांगरून टाकलेली काळी जमीन, मध्येच एखादी बाभूळ आणि वर अफाट आभाळ. कृष्णधवल छायाचित्राला याहून चांगला विषय कुठला?

पण असं छायाचित्र पुरं होतं ते कागदावर, असं आमचं ठाम मत आहे. लाल फिल्टर लावला की निळं आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात. ते सोपं. अवघड आहे ती माती. ढेकूळ न् ढेकूळ वेगळं दिसलं पाहिजे, तरी रान करडं पडता कामा नये. डार्करूममध्ये त्यासाठी एनलार्जरच्या उजेडात हाताची सावली धरून तेवढाच भाग काही क्षण झाकतात, आभाळाला मात्र जास्त प्रकाश देतात. फायबर कागद ओला असताना उजळ दिसतो, वाळल्यावर थोडा गडद होतो. म्हणून जाणकार प्रिंट सुकल्यावरच निर्णय घेतात. सुती कागदावर इंकजेटनं छापतानाही खरा कस लागतो तो याच काळ्या छटांत.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. इतकी जुनी परंपरा असूनही मराठवाड्यातलं कोरडवाहू रान आपल्या भिंतींवर क्वचितच दिसतं. सह्याद्रीतला पाऊस मात्र सगळ्यांना हवा असतो. म्हणूनच या अंकाची मधली पानं आम्ही परांड्याच्या रानाला दिली आहेत.